तेवीस सह्यांचा डोंगर

आमच्या गावात काय व्हावं हे गावात कधीच ठरलं नाही. ते लालबागला ठरायचं, एका चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, दहा बाय बाराच्या खोलीत. तिला आम्ही 'गावाची खोली' म्हणायचो. गावाहून गिरणीत लागायला आलेला प्रत्येक माणूस आधी तिथे पथारी टाकायचा, आणि पुढे स्वतःचं बिऱ्हाड झालं तरी महिन्यातून एका रविवारी मंडळाच्या सभेला येऊन भिंतीला पाठ लावून बसायचा. देवळाला रंग कुठला द्यायचा, पालखी आधी कुणाच्या दारात जाणार, विहिरीचा रहाट यंदा दुरुस्त करायचा की पुढच्या वर्षी, सगळं तिथे ठरायचं. गावात राहणाऱ्यांना निर्णय पोस्टकार्डाने कळायचा. मी मंडळाचा चिटणीस, म्हणजे ती पोस्टकार्डं माझ्या अक्षरातली. त्या कारभारातलं निम्मं शहाणपण मीच कागदावर उतरवलेलं आहे, तेव्हा पुढे जे वाचाल त्यात मला वेगळा काढू नका.

नाना परब सभेला दाराशी बसायचे. लूम खात्यात फिटर. अंगाने किरकोळ, खिशात घडीची फूटपट्टी, आणि खांद्यावर कायम एक प्लॅस्टिकची पारदर्शक नळी गुंडाळून टाकलेली. नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोघांनी दोन ठिकाणी धरायची. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर थांबतं. माग एका पातळीत बसवायला फिटर लोक ती वापरतात. बाकीचे फिटर ती खात्यातल्या कपाटात ठेवून घरी येत. नाना ती घेऊन घरी येत, घेऊन बाजारात जात, आणि एकदा दादरला पुतणीच्या लग्नालाही घेऊन आले होते. पंगतीची वाट बघत आम्ही ताटकळलो होतो, आणि हे गृहस्थ हॉलच्या मागे जाऊन भांडी घासल्याचं पाणी कुठे जातंय ते बघत उभे.

हा त्यांचा मूळ आजार. रस्त्याने चालताना माणूस समोर बघतो, नाना खाली बघायचे. कुठे नळ गळत असला, कुठे गटार तुंबलेलं असलं, की उभे राहायचे आणि त्या पाण्याच्या मागे मागे जायचे. करी रोडपर्यंत दहा मिनिटांचं अंतर, नानांबरोबर पाऊण तास लागायचा. कुणी कुठल्याही विषयावर वाद घालायला लागलं, अगदी बोनसवर किंवा निवडणुकीवर, तरी नानांचं एकच: "पाणी कुठे जातंय ते आधी बघा. मग बोला." लोक हसायचे. मी तर हसण्यात पुढे होतो.

गिरण्यांच्या संपाच्या आदल्या वर्षी मंडळाने गावात बांध बांधला. त्या बांधाबद्दल मला आजही अभिमान वाटतो, कारण इतकी मोठी चूक इतक्या एकमताने करणं सोपं नाही. गावाच्या मागे डोंगर, पावसात त्यावरून लाल पाणी धोधो खाली येणार आणि ओढ्यातून खाडीला जाणार. चैत्र लागला की विहीर कोरडी. मग पाणी अडवावं, असा ठराव झाला. कुठे अडवावं यावर मात्र चर्चाच झाली नाही. एसटी थांबते तिथून दिसेल अशा जागी, डोंगराच्या अगदी पायथ्याशी, ओढ्यावर. कारण बांधावर संगमरवरी पाटी बसवायची होती, पाटीवर कार्यकारिणीच्या चौदा जणांची नावं होती, आणि नावं वाचायला डोंगरावर कोण चढणार? नाना दाराशी बसून म्हणाले, "सुरुवात वरून करायला हवी." अध्यक्षांनी त्यांना नियमाप्रमाणे हात वर करून बोलायला सांगितलं. नानांनी हात वर केला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मी ते इतिवृत्तात घेतलं नाही.

पहिल्याच पावसात डोंगराची माती येऊन बांध काठोकाठ भरला. मातीने. पाणी त्याच्यावरून पूर्वीसारखंच निघून गेलं. दिवाळीत पोरांनी त्या सपाटीवर स्टंपा रोवल्या. नाना ते बघून आले आणि सभेत शांतपणे म्हणाले, "मैदान चांगलं झालंय." त्यांना टोमणे मारता येत नसत, त्यामुळे ते वाक्य आम्हाला जास्त झोंबलं.

मग संप आला. दोन महिन्यांत मिटेल असं सगळे म्हणत होते, आणि जे म्हणत होते त्यांतले निम्मे लोक दोन महिन्यांत बोजा बांधून गावाला गेले. नानाही गेले, नानी आणि मुलीला घेऊन. त्यांना वाटलं, भावाच्या घरात राहू, शेतात राबू, संप मिटला की येऊ. चैत्रात विहिरीने तळ दाखवला. एका घागरीसाठी बायका तासतासभर विहिरीच्या काठावर बसून राहायच्या. एक दिवस धाकट्या भावाने जेवताना मान खाली घालून सांगितलं, "पाणी पुरणा नाय, दादा. तू आपलो मुंबयक जा."

नाना परत आले. पुढे कधीतरी गॅलरीत बसलेले असताना मला म्हणाले, "चिटणीस, गिरणीने दार लावलं, ते समजलं. मालकच तो. पण गावाने पाणी नाही म्हणून परत पाठवलं, ते नाही सहन झालं. भावाची चूक नव्हती. त्याच्याकडे नव्हतंच पाणी." मग म्हणाले, "आता गिरण्या बंद पडणार. ही सगळी माणसं जायची कुठे? गावाला गेलेल्या माणसाला निदान पाणी तरी मिळायला हवं." मी 'हो हो' म्हटलं. त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचलं नाही, आणि त्यांना एवढं एकच हवं होतं हे मला तेव्हापासून ठाऊक होतं. ठाऊक असूनही पुढे मी जसा वागलो तसा वागलोच.

त्याच पावसाळ्यात ते एकटे गावाला गेले आणि भर श्रावणात छत्री घेऊन तीन आठवडे डोंगरावर उभे राहिले. काय करताय, असं गुराख्यांनी विचारलं तर म्हणाले, "पाणी बघतोय." परत आले ते डोंगराचं पूर्ण निदान घेऊन. आमच्याकडे भाताची रोपं करायच्या आधी जमीन भाजतात. गवत, पाला, डहाळ्या पसरून पेटवायच्या. तिला भाजावळ म्हणतात. आणि त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या आम्ही हा डोंगर सोलत आलो होतो. वर झाड नाही, गवत नाही, उरलेलं गुरं खाणार, मग मातीला धरून ठेवणार कोण? नानांच्या भाषेत, "डोंगराचं बेअरिंग गेलंय." उपायही फिटरचा. माथ्यापासून खाली, उताराला आडवे, गुडघाभर खोल चर खणायचे, प्रत्येक चर नळीने मोजून अगदी एका पातळीत. पाणी धावायचं थांबेल, जिरेल, सोबत आणलेली माती तिथेच टाकेल. आणि तीन वर्षं डोंगर बंद. चराई नाही, तोड नाही, भाजावळीला पाला नाही. रोपांना शेणखत घालायचं.

चाळीतल्या लोकांना हे समजावं म्हणून त्या वर्षी नानांनी चाळीच्या गणपतीचा देखावा मागून घेतला. संपामुळे चाळीच्या गणपती मंडळाकडे देखाव्याला पैसे नव्हतेच, त्यामुळे हरकत कुणी घेतली नाही. नानांनी बॉयलरची राख आणि माती कालवून दोन डोंगर केले. एक बोडका, एक चर खणून गवत लावलेला. वरून झारीने पाणी घालायचं, खाली दोन घमेली. बोडक्याच्या घमेल्यात लाल चिखल, दुसऱ्यात थोडंसं स्वच्छ पाणी. नाना झारी घेऊन दिवसभर उभे, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. पहिले दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवसापासून बायका लाल घमेल्याला हात जोडायला लागल्या. कुणीतरी सांगितलं होतं, गंगा उतरतेय. संध्याकाळपर्यंत एका आजींनी त्यातलं पाणी नातवाच्या डोळ्यांना लावलं. नाना धावत जाऊन म्हणाले, "आजी, ती माती आहे, वाया गेलेली माती." आजी म्हणाल्या, "असू दे बाळा, देवाची आहे." विसर्जनापर्यंत बोडका डोंगर पुरता वाहून गेला होता आणि मूषकाचे पाय चिखलात रुतले होते. त्या वर्षी आमच्या देखाव्याला विभागात बक्षीस मिळालं, पौराणिक गटात.

खरी गंमत पुढे. डोंगर सामाईक. सातबाऱ्यावर तेवीस नावं, त्यांतली एकोणीस मुंबईत. डोंगर बंद करायचा तर तेवीसही जणांची लेखी संमती हवी, असा नियम मंडळाने केला. खरं तर हा नियम मी सुचवला. मला वाटलं, नाना दोन-चार दारं फिरतील आणि कंटाळून गप्प बसतील.

चार वर्षं फिरले. संपाने त्यांच्यावर एक उपकार केला होता, माणसं दिवसा घरी सापडायची. गिरगावात आमचे एक भाऊबंद होते, पोस्टातून निवृत्त झालेले, आम्हा सगळ्यांत शिकलेले. त्यांनी कागद ठेवून घेतला, तीन आठवड्यांनी परत दिला आणि सांगितलं, "परब, तत्त्वतः मी तुमच्याबरोबर आहे." सही नाही. नाना पुन्हा गेले, पुन्हा तत्त्वतः बरोबर. सातव्या खेपेला नानांनी विचारलं, "काका, तत्त्वतः कुठे सही करायची असते?" तेव्हा काकांनी चष्मा काढला, पुसला आणि केली. वडाळ्याला दोन चुलतभाऊ शेजारच्या इमारतींत राहायचे आणि वीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. दुसऱ्याच्या नावाखाली सही करणं दोघांनाही कमीपणाचं. नानांनी दोन कागद केले, एकेकावर एकेकाला वरची जागा दिली, आणि घरी येऊन कागद एकमेकांना शिवले. "कपलिंग लावलं," म्हणाले.

भोईवाड्यात सुंदराकाकी होती, ऐंशीच्या पुढची, मासळी विकून आयुष्य काढलेली. तिने अट घातली, "आधी त्या डोंगरावरची करवंदा हाड, मगे अंगठो." लहानपणी ती तिथे ओटीभर करवंदं खायची. दुसरा कुणी असता तर भायखळ्याच्या बाजारातून पाटीभर घेऊन गेला असता. मी नानांना तेच सुचवलं. नाना रिकाम्या हातांनी गेले आणि म्हणाले, "काकी, डोंगरावर करवंदाची एकही जाळी उरली नाही." काकीने विचारलं, "थंय करवंदापण नाय?" आणि मग हात पुढे करून म्हणाली, "मगे घे अंगठो." ही गोष्ट नाना सांगत तेव्हा माझीही थट्टा तेवढ्यापुरती बंद व्हायची.

या काळात घर नानी चालवत होती. तिची खाणावळ होती, दोन्ही वेळची वीसेक माणसं जेवायची, संपवाल्यांच्या थकबाकीचा विषय ती कधी काढत नसे. नाना कागद घेऊन बाहेर पडले की ती पोळपाटावरून मान न उचलता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "ह्येंचो डोंगर माझ्या चुलीर शिजता." म्हणायची आणि त्यांच्या पिशवीत भाकरीही टाकायची.

बाविसावी सही माझी होती. कागद पहिल्यापासून माझ्याच फाइलला लागलेला, माझं नाव यादीत तिसरं. पण नाना दरवेळी विचारायचे आणि मी दरवेळी "बघू" म्हणायचो. कारण काहीच नव्हतं. मला नकार द्यायचा नव्हता आणि होकार द्यायची घाई नव्हती, सुशिक्षित माणसाची ही अवस्था फार सुखाची असते. बाकी सगळ्यांची झाली, तेव्हा लाजेकाजेस्तव केली. तेविसावी नानांनी स्वतःची केली आणि त्याच आठवड्यात गावाला गेले.

गिरणीने परत न घेतलेली सात-आठ माणसं त्यांच्याबरोबर होती. दिवाळीपासून वैशाखापर्यंत खणलं. आणि मग नानांनी अशी चूक केली जी फक्त लूम खात्यातला फिटरच करू शकतो. त्यांनी डोंगराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग, अखंड चर काढले. केसभर चढ नाही, केसभर उतार नाही. आषाढात वरच्या एका चराला खेकड्याचं बीळ पडलं. तिथून तो फुटला, आणि अख्ख्या चरातलं पाणी, इकडून तिकडून, त्याच एका भोकाकडे धावलं. खालचे तीन चर फुटले, आणि सगळा लोंढा थेट नानांच्या धाकट्या भावाच्या भातखाचरात.

पुढच्या सभेला खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी सहा महिन्यांत तोंड न दाखवणारे आवर्जून आले. अध्यक्ष म्हणाले, आम्ही आधीच सांगत होतो. काय सांगत होतो ते त्यांना आठवत नव्हतं. नाना दाराशी उठून उभे राहिले, या वेळी न सांगता हात वर केला, आणि म्हणाले, "चूक माझी. गिरणीतला शाफ्ट अखंड लागतो, चर तुटक लागतो. मी डोंगराला शाफ्ट समजलो. मध्ये मध्ये न खणलेली माती सोडायला हवी होती, म्हणजे एक फुटला तरी दुसरा राहतो. भावाचं खाचर मी हाताने भरून देणार. आणि चर पुन्हा काढणार." बसले. त्या खोलीत 'चूक माझी' हे शब्द पहिल्यांदाच उच्चारले गेले असावेत, कारण पुढे काय करायचं ते कुणालाच कळेना. सभा चहावर संपली. हे मात्र मी इतिवृत्तात शब्दशः घेतलं.

चर पुन्हा काढले. भावाचं खाचर भरलं. भाजावळीचा पाला चोरून कापणाऱ्या बायकांशी नाना भांडले नाहीत, त्यांच्याबरोबर शेणाच्या पाट्या वाहिल्या. तीन वर्षांत गवत कमरेएवढं झालं, ऐन-किंजळीच्या तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांना पालवी फुटली. पाचव्या वर्षी वैशाखात विहिरीला पाणी होतं. भावाचं पोस्टकार्ड आलं, त्यावर फक्त एवढंच: 'दादा, पाणी आसा.' नानांनी ते कार्ड चाळीत कुणाला दाखवलं नाही. नानीने दाखवलं, वीसही जेवणाऱ्यांना, ताटं वाढायच्या आधी.

यानंतर गिरण्या खरोखरच एकेक करून बंद पडल्या आणि मंडळातली चार-पाच कुटुंबं गावाला परतली. त्यांना कुणी 'पाणी पुरत नाही' म्हटलं नाही. नानांना हवं होतं ते झालं होतं, आणि गोष्ट इथेच थांबली असती तर मीही हा लेख गहिवरून लिहिला असता.

पण कोकणात रेल्वे येणार असं नक्की झालं आणि आमच्या गावाला गिऱ्हाईक आलं. मोठा माणूस, त्याला डोंगर हवा होता, वर बंगला आणि उतारावर आंब्याची बाग. मशीन लावून सगळा उतार कापून काढणार होता. दहा वर्षांपूर्वी तोच डोंगर फुकट देतो म्हटलं असतं तरी कुणी घेतला नसता. आता त्यावर माती होती.

ज्या कागदावर बावीस सह्या घ्यायला नानांना चार वर्षं लागली, त्याच बावीस विक्रीच्या कागदावर एका रविवारी झाल्या, दुपारच्या जेवणाच्या आत. गिरगावचे काका तत्त्वतः काही न बोलता पहिले आले. वडाळ्याचे दोघे भाऊ एकाच टॅक्सीतून उतरले. सुंदराकाकी राहिली नव्हती, तिच्या एका सहीसाठी तिचे तिन्ही नातू आले. गावातल्यांच्या आणि परतलेल्या कुटुंबांच्या सह्या आधीच टपालाने येऊन पडल्या होत्या. माझी सही या वेळी दुसरी होती.

राहिली नानांची. नाना तेव्हा अंथरुणाला खिळले होते. छातीत कापसाची धूळ भरलेली, चार पावलं चालले की धाप. मंडळाचं म्हणणं पडलं, नाना आहेत तोवर उरकून घ्या, मागाहून वारसांची भानगड नको. हे इतक्या मोकळेपणी बोललं गेलं की मला ते लिहून घेतानाही काही वाटलं नाही. काम अर्थातच चिटणिसावर आलं.

मी गेलो. नानी भाजी निवडत होती. नानांनी कागद वाचला, परत दिला. मला वाटलं होतं रागावतील, निदान जुनं काहीतरी काढतील. ते म्हणाले, "चिटणीस, तुम्ही वर चढलात का कधी?"

"नाही."

"बाकी कोण?"

मी विचार करून सांगितलं, "कोणीच नाही." आम्ही सगळे गावाला जायचो, गणपतीत, शिमग्याला. देवळात जायचो, बांधावरची पाटी बघायचो. वर कशाला जाणार?

"एकदा चढून या," नाना म्हणाले. "भर उन्हाळ्यात जा. वरच्या पहिल्या चरात बोट घालून बघा. खाली उतरलात की मी सही करतो. शब्द देतो."

मंडळाला ही अट फारच स्वस्त वाटली. वैशाखात मला पाठवलं. पायात ऑफिसच्या चपला, डोक्यावर वर्तमानपत्र, असा मी तो डोंगर चढलो. तास लागला. दगड तापलेले, गवत वाळून पिवळं पडलेलं. वरच्या चरात पाचोळा साठला होता. तो बाजूला करून मी मातीत बोट घातलं. वरची माती कोरडी होती, खाली नव्हती. दुसऱ्या पेरापर्यंत बोट ओलं झालं. मी तिथे बसून राहिलो. आयुष्यभर पोस्टकार्डांवर ज्याच्याबद्दल ठराव लिहीत आलो ते हे, आणि मी पहिल्यांदा त्याला हात लावत होतो. मला माझीच लाज वाटली, आणि ती लाज कुणावर ढकलायला तिथे दुसरं कुणी नव्हतं.

उतरताना विहिरीजवळ दत्ता भेटला. पूर्वी आमच्याच मजल्यावर राहायचा, गिरणी बंद झाल्यावर गावाला आलेला. वांग्यांना पाणी देत होता. म्हणाला, "सगळ्यांनी केली म्हणून मी पण केली सही. चार दिवस झोप नाही. वर मशीन लागल्यावर ही विहीर राहील का हो?"

"मला काय माहीत," मी म्हटलं.

"नानांनी केली?"

"नाही अजून."

"बरं," तो म्हणाला, आणि पाटाचं तोंड फिरवून पुढच्या वाफ्याकडे गेला.

मुंबईला आल्यावर दुसऱ्याच दुपारी नानांकडे गेलो. खाणावळीची जेवणं आटोपली होती. नानीने मला पाणी दिलं. नाना उशीला टेकून बसले होते, पहिल्यापेक्षा खंगलेले.

"चढलात?"

"चढलो."

"बोट घातलंत?"

"घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत ओल आहे."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, "वैशाखात?"

"वैशाखात."

त्यांनी नानीकडे हात केला. "पेन दे गो." नानी हलली नाही. त्यांनी पुन्हा मागितलं, तेव्हा तिने फळीवरचं पेन काढून त्यांच्या हातात दिलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. ज्या माणसाने या डोंगरासाठी आयुष्य घातलं तो आता तो डोंगर देणार होता, कारण शब्द दिला होता. आम्हा बावीस जणांत असा एकही नव्हता, आणि हे त्या खोलीत मी एकटाच जाणत होतो.

"आणा कागद," नाना म्हणाले.

माझी पिशवी मांडीवर होती. कागद तिच्यात होता, प्लॅस्टिकच्या फायलीत, बावीस सह्यांसकट.

"विसरलो," मी म्हटलं.

नानीने मान वळवून पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"चिटणीस असून?" नाना म्हणाले. "उद्या आणा."

"आणतो."

मी गेलो नाही. उद्याही नाही, परवाही नाही. श्रावणात नाना गेले. सातबाऱ्यावर त्यांच्या जागी आता नानी आणि मुलगी आहेत. मंडळ त्यांच्या दाराशी खेपा घालतं, नानी येईल त्याला पोटभर जेवायला वाढते आणि सहीचा विषय निघाला की ताटं उचलायला उठते. मंडळाने मला चिटणीसपदावरून काढलं, आणि माझ्याइतका बेजबाबदार चिटणीस झाला नाही असं इतिवृत्तात लिहून ठेवलं. माझ्याबद्दल तिथे लिहिलेली ही एकमेव खरी गोष्ट.

त्या दुपारी मी चपला घालायला दाराशी वाकलो आणि एकदा मागे बघितलं. नाना तसेच टेकून बसले होते. पेनाचं टोपण काढलेलं, आणि दुसरा हात कागदासाठी पुढे केलेला. तो मागे घ्यायचा त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.